हिरांची शाळा

पेडण्यात आमच्या शेजारच्या घरात आठवड्यासाठी एक बाय राहायला आली होती. नाव विचारायचं राहूनच गेलं. तिची दोन पोरं शाळेत जात नव्हती, तीच त्यांना घरी शिकवायची. सोमवारी वही घेऊन आली नि म्हणाली, "आजी, तुमचं काम पोरांना दाखवाल?"

मी माडाच्या चुडतांचे हीर काढून खराटे बांधते. घरवाला गेल्यापासून त्यावरच चूल पेटते. आता बोटं वळत नाहीत, आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात न्यायला एकही खराटा झाला नव्हता. मी कधी शाळेची पायरी चढले नाही, पण मास्तरासारखं तोंड करून म्हटलं, "बघून येत नाही गो. रोज करायला हवं."

गुरुवारपर्यंत पोरं पात ओढून हीर काढत बसली. धाकटी विचारायची, "आजी, परीक्षा कधी?"

"ही चुडतं संपली की."

ती बाय तोंडावर वही ठेवून सोप्यावर पडलेली असायची. मला वाटायचं, कशी फसवली हिला!

शुक्रवारी खराटे बसमध्ये चढवायला तीच आली. हसत म्हणाली, "आजी, पोरं झाल्यापासून दुपारची अशी झोपलेच नव्हते. अजून एक आठवडा राहिले तर काय शिकवाल?"

मी म्हटलं, "शेणानं अंगण सारवायला. पण तेव्हा तू जागी राहा."