चार दारांची जीप आणि साडेसहा फुटांची पाणंद

भिकाजी आग्र्यांची पाठ आणि तोंड ही दोन्ही मला एकाच वेळी दिसली. माणसाची ओळख इतकी संपूर्ण एका क्षणात होणं दुर्मीळच.

१९८३ सालचा ऑक्टोबर. मी रत्नागिरीत साळवी स्टॉपपाशी पोह्यांची पिशवी घेऊन उभा होतो. आधी कुत्री आली. हातखंब्यापासूनची सगळी कुत्री आपापली वैरं विसरून समुद्राच्या दिशेने पळत होती. त्यांच्यामागून धूर आला. त्या धुरात एक बैल रस्त्याच्या मधोमध बसला, तो माझ्या माहितीप्रमाणे अजून उठलेला नाही. आणि मग धुरातून शेपटाकडून एक जीप आली. चालवणाऱ्याचं धड पलीकडे आणि मान पूर्ण वळवून तोंड माझ्याकडे. तेरा किलोमीटर असा बसल्यामुळे मान आता तशीच राहणार, असं वाटत होतं. चौकातल्या पोलिसाने शिट्टी तोंडात धरली, हात कुठल्या बाजूला दाखवावा हे त्याला सुचेना, तेव्हा त्याने सरळ सलाम ठोकला.

"बाजूला व्हा! पुढचे गिअर गेलेत!" गृहस्थ ओरडले.

मी बाजूला झालो तो नेमका जीपच्या वाटेत. पोहे रस्त्यावर सांडले.

"लागलं का?"

"मला नाही. पोह्यांना."

"मग बसा आत. घरी भरून देतो."

अशा रीतीने मी भिकाजी आग्र्यांच्या शेजारी बसून परटवण्यापर्यंत उलटा गेलो. घरापाशी उतरताना कळलं, की हे माझ्यापासून तिसऱ्या घरात राहतात आणि भूमापन कचेरीत मोजणीदार आहेत. त्याच पायरीवर उभं राहून त्यांनी नारळावर हात ठेवून शपथ घेतली, "आता ह्या जन्मात मी गाडी मागे नेणार नाही. जायचं ते पुढेच!"

शपथ मोठ्याने घेतली होती. ती कोणी कोणी ऐकली ते पुढे येईलच.

मोजणीदार म्हणून भिकाजींचा तालुक्यात दरारा होता. साखळी जमिनीवर टाकली, की दोन्ही बाजूंचे भाऊबंद श्वास रोखून धरत. इंचाचा फरक त्यांना खपत नसे. देवळात गेले तरी गाभाऱ्याची उंची नजरेने मोजून मगच हात जोडत. लग्नात मालनवहिनींनी हार घातला, तेव्हा "एक बाजू दोन बोटं लांब आहे," असं ते म्हणाले होते. वहिनी ही गोष्ट अजून सांगतात, आणि सांगताना हसत नाहीत.

पण जीपचं कारण वहिनी नव्हत्या. कारण होत्या सोनूबाई, भिकाजींच्या आई.

यांचं मूळ गाव करंजकोंड. एस.टी. फाट्यावर सोडते. तिथून तीन मैल कातळाचा सडा, झाड नाही की सावली नाही, आणि मग खाली उतरून दोन गडग्यांमधल्या, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणांमधल्या, अरुंद पाणंदीतून घर. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघर येते. लग्न होऊन आल्यापासून साठ वर्षं सोनूबाईंनी तिची ओटी आपल्या दारात भरली होती. गुडघे गेल्यावर त्या रत्नागिरीला लेकाकडे आल्या. त्या वर्षीच्या शिमग्यात त्यांना डोलीतून नेलं. बांबूला खुर्ची बांधून चौघे सडा ओलांडून घेऊन गेले. सोनूबाई गेल्या, ओटी भरली, आणि परत आल्यावर त्यांनी जाहीर केलं:

"जित्या माणसाला चौघांच्या खांद्यावर नेलानी. त्या खांद्यावर माणूस एकदाच जातो. आता मी नाय जायची."

"मग पालखीला दार कोण उघडणार, आये?"

"तू बघ. तू मोठा साहेब ना?"

पुढच्या शिमग्याला अवकाश होता. भिकाजी पोफळीला लिलावात गेले आणि तिथल्या वीजप्रकल्पावरची एक जुनी जीप घेऊन आले. बाकीचं तुम्ही पाहिलंतच.

जीप दुरुस्तीला दिली धाकू मिस्त्रीकडे. धाकूने उभी हयात मिरकरवाड्याच्या जेटीवर मच्छीमारांच्या लाँचींना इंजिनं बसवली होती. जमिनीवरच्या वाहनांबद्दल त्याला एक कनवाळू तुच्छता होती. "बुडायची भीती नाय, म्हणजे निम्मं काम झालं," असं म्हणत त्याने पहिल्याच दिवशी जीपच्या पोटाला बोटीचं डांबर फासलं आणि धुराचा पाइप टपाच्या वर काढला.

सड्यावरचे धोंडे लागू नयेत म्हणून त्याने ट्रकच्या स्प्रिंगचे जादा पाटे घालून जीप उचलली. ती इतकी उचलली गेली, की सोनूबाईंना आत चढवणं अशक्य झालं. म्हणून दोन्ही बाजूंना पायऱ्या आल्या. पायऱ्या आल्यावर सोनूबाईंना आणून दाखवलं. त्यांनी जीपला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "मालन खयसून चढायची?"

"मागनं. मागे फळी आहे ना."

"मागनं चढायचं बोकडानं. माजी सून काय बोकड हाय?"

सासूने सुनेची बाजू घेण्याचा हा त्या घरातला पहिलाच प्रसंग होता. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. भिकाजींना नाही म्हणणं शक्यच नव्हतं. जीपला चार दारं करायचं ठरलं.

धाकूने दारं केली फणसाच्या लाकडाची. प्रत्येकाला कडी-कोयंडा. आईच्या बाजूच्या दाराला तर उंबरासुद्धा. भिकाजींच्या मुली बाहेर वाकतील म्हणून खिडक्यांना गज. मागच्या फळीची आता गरज नव्हती, तेव्हा ती बाजू पत्र्याने कायमची बंद करून तिथे स्टोव्ह, पाण्याचा डबा, विळी, पाट आणि जादा चाक यांची सोय केली. मग मागची बैठक पुढच्यापेक्षा चार बोटं उंच आहे, म्हणजे सून सासूच्या वर बसणार, हे खुद्द वहिनींच्याच लक्षात आलं. बैठक कापली. आता बसल्यावर वहिनींना फक्त आभाळ दिसे, पण मर्यादा राहिली.

एकच गोष्ट धाकूने मूळची ठेवली. समोरची काच चौकटीसकट पुढे बॉनेटवर आडवी पडत असे, ती तशीच पडू दिली. "वारा लागतो," तो म्हणाला.

भिकाजींनी मात्र आपलं काम चोख केलं. माघात एका रविवारी एकटे करंजकोंडला जाऊन पाणंद मोजून आले. साडेसहा फूट. जीप पायऱ्या-दारांसकट साडेपाच फूट. "एक फूट शिल्लक!" त्यांनी मला कागदावर आकृती काढून दाखवली. "दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच. हत्ती जाईल!"

ही पाणंद त्यांच्या ओळखीची होती. तिचा एक गडगा त्यांचा आणि दुसरा चुलतभाऊ शिवाचा. शिवा म्हणत होता, पाणंद साडेसात फुटांची आहे, भिकाजीने आपला गडगा फूटभर पुढे सरकवलाय. भिकाजींनी तीनदा मोजून साडेसहा फूट सिद्ध केले होते. नऊ वर्षं दोघे बोलत नव्हते. आणि शिवा त्या गावचा गावकर, म्हणजे पालखी पुढे नेणारा मानकरी.

शिमग्यात पालखी घरी यायच्या दिवशी आम्ही पहाटेच निघालो. मला वजन म्हणून बरोबर घेतलं होतं. सड्यावर एक बाजू हलकी पडते, असं धाकूचं शास्त्र होतं. फाट्यापर्यंत सगळं देवदयेने झालं. मग कातळ सुरू झाला. जीप चढली, उतरली, कलली. स्टोव्ह वाजला. मागे मुली गजांना धरून किंचाळत होत्या, वहिनी आभाळ पाहत होत्या. सोनूबाई मात्र पुढे दोन्ही हात मांडीवर ठेवून अशा बसल्या होत्या, की जणू सडाच त्यांच्या पायाखालून ओढून घेतला जात होता. एकदाच बोलल्या, "डोलीपरास बरं." भिकाजींना तेवढं पुरलं. त्यांनी आनंदाने भोंगा वाजवला, तो लाँचीचा असल्यामुळे सड्यावरच्या गुरांना समुद्र जवळ आल्यासारखं वाटलं.

मध्येच पाणी उकळलं आणि आम्ही दीड तास कातळावर बसलो. तिथेच घोटाळा झाला.

पालखी वेळेवर आली होती. घराला कुलूप, किल्ली भिकाजींच्या खिशात. बंद दारात पालखी टेकवत नाहीत. शिवाने अंगणात क्षणभर थांबून ढोल वाजवायला लावले आणि पालखी पाणंदीतून पुढच्या घराकडे काढली. त्याच वेळी पाणंदीच्या दुसऱ्या तोंडातून आम्ही शिरलो.

जीप आत गेली. सहा इंच इकडे, सहा इंच तिकडे. भिकाजींचा चेहरा फुलला. "बघा! हत्ती—" आणि समोर ढोल वाजले.

पालखी दहा हातांवर थांबली. शिवा पुढे होता. त्याने नऊ वर्षांचं मौन एका वाक्यात सोडलं:

"मागे घे."

भिकाजींनी गिअरचा दांडा ओढला. आतून नुसता खुळखुळ आवाज आला. तेव्हा त्यांना आठवलं, की शपथ घेताना धाकू ऐकत होता. "तुमी मागं जायचं नाय बोललाव ना? मग उलट्या गिअरची चाकं काढून टाकली. वजन कमी," असं त्याने नंतर अत्यंत प्रामाणिकपणे सांगितलं.

"तूच घे मागे," भिकाजी म्हणाले.

पालखीबरोबरचे सगळेच हबकले. "देवी आल्या वाटेनं फिरत नाय, इतकंपण विसरलास?" शिवा म्हणाला. "मागे चढ आहे, भरलेली गाडी ढकलवणार नाय. खाली उतरा आणि ढकला."

भिकाजींनी दार लोटलं. ते सहा इंच उघडलं आणि गडग्यावर आदळलं. त्यांनी पलीकडचं सुचवलं. तेही सहा इंच. मागची दोन्ही सहा-सहा इंच. सहा इंचांतून आग्रे कुटुंबाचे चार हात बाहेर आले आणि परत आत गेले. तालुक्याचा मोजणीदार पाणंद मोजून आला होता, जीप मोजून आला होता, आणि दार उघडायला जागा लागते हे मोजायला विसरला होता.

पालखीबरोबरचे ढोलकरी हसू दाबायला ढोल वाजवू लागले.

"गडगा काढतो," शिवा म्हणाला. "दोन हात चिरे काढले की दार उघडेल नि पालखीपण जाईल. माझाच गडगा काढतो. पण मोजणी चुकली म्हण."

भिकाजी लाल झाले. "मोजणी बरोबर आहे. साडेसहा फूट."

"मग बस."

"बसतो!"

"अरे मेल्यानू," आतून सोनूबाई म्हणाल्या, आणि ढोलसुद्धा थांबले. त्यांचा आवाज फार मोठा नव्हता. "देवी उन्हात उभी हाय. भोयांचे पाय भाजतायत. साठ वर्सं मी दारात उभी राहिलंय. औंदा दार घेऊन आलंय, तरी तुमाला दिसत नाय?"

कोणाला काही कळेना. सोनूबाईंनी उंबऱ्यावर टिचकी मारली. "ह्यो उंबरा. ही कडी. ह्यो कोयंडा. माजं दार हाय हे."

"काकी, दार उघडत कुठे?" शिवा म्हणाला.

"दार भिकल्याचं उघडत नसंल. समोरची भिंत तर पडते ना?"

भिकाजींनी काचेची चौकट पुढे पाडली. वहिनींनी मागून पाट दिला. बॉनेट तापलेलं होतं, म्हणून पाटाखाली त्यांनी आपली नवी शाल घडी करून घातली. शिवाने भोयांकडे पाहिलं, भोयांनी शिवाकडे. पालखी जमिनीवर टेकवायची नसते. बॉनेट ही जमीन नव्हे, याबद्दल मात्र कोणाला शंका नव्हती. पालखी पाटावर टेकली.

सोनूबाई बसल्या जागेवरून पुढे वाकल्या. तांदूळ, नारळ, खण, एकेक करून त्यांनी देवीच्या पुढ्यात ठेवलं. मी वजन म्हणून बसलो होतो, पण त्या मिनिटाला मला काही वजन उरलं नव्हतं.

मग शिवाने स्वतः आपल्या गडग्याचे चिरे काढायला सुरुवात केली. भिकाजी खिडकीच्या गजांतून पाहत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "शिवा, मोजणी बरोबरच आहे. पण दारं चुकली."

"तेवढं चालेल," शिवा म्हणाला.

दार उघडलं, पालखी पुढे गेली, आणि सोनूबाई लेकाच्या आणि पुतण्याच्या दंडाला धरून आपल्या अंगणात चालत गेल्या.

त्यानंतर भिकाजींची जीप गावोगाव कौतुकाचा विषय झाली. लोक बॉनेटला हळद-कुंकू लावून जात. सोनूबाईंनी फर्मान काढलं, की जिथे देवी बसली ते झाकण कोणी उठसूट उघडायचं नाही. उघडायचं तर आंघोळ करून, अनवाणी, आणि आधी देवीला कौल लावून. धाकूने दोनदा कौल लावला. दोन्ही वेळा देवी नाही म्हणाली. तेलाची पातळी पाहायची राहिली. भिकाजींनी आईला कधी विरोध केला नाही, आणि देवीला तर नाहीच.

दिवाळीच्या आत इंजिन जाम झालं. पुढच्या शिमग्याला सोनूबाई करंजकोंडला डोलीतून गेल्या.