जुना सरस

संस्थेच्या ताईंचं काम सांगायला सोपं होतं. खुर्च्यांचा कारखाना बंद पडून माणसं घरी बसलेली, आणि शाळा-कचेऱ्या मोडक्या खुर्च्या उकिरड्यावर टाकत होत्या. या दोघांची गाठ घालायची. ताईंनी पत्र्याची शेड मिळवली, खुर्च्या आणल्या, माणसंही जमवली. घोडं अडलं ते कारखान्यातल्या जुन्या मिस्त्रींपाशी. लाकडाचा सांधा जाणणारे तेवढे एकच, आणि ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडलेले. हा माणूस असाच विझून जाईल, अशी धास्ती त्यांच्या बायकोनं, काकूंनी, घेतली होती.

पहिल्या भेटीत ताईंनी कचरा, झाडं, रोजगार सगळं समजावलं. मिस्त्री कुशीवर वळले.

"मोडक्या खुर्च्या मोडक्या माणसाला. बरं स्थळ शोधलंत."

ताई परतल्या. तरी काकूंची विचारपूस करायला जात राहिल्या. शेडमध्ये स्वतःही हात चालवत. एकदा एक खुर्ची एकटीनं दुरुस्त केली आणि मोठ्या हौसेनं काकूंना नेऊन दिली. काकू टेकल्या मात्र, खुर्चीचे पाय फाकले आणि काकू जमिनीवर. लागलं नाही, पण मिस्त्री खाटेवरून उठले. काकूंना हात दिला, मग खुर्ची उलटी केली.

"सांध्यात खिळा? कुणाचा प्रताप?"

"माझा," ताई म्हणाल्या.

मिस्त्रींनी खिळे उपटले, सांधा उकलला आणि पटाशी ताईंच्या हातात ठेवली. आतला जुना सरस खरवडून काढा म्हणाले, वाळल्या चिकटीवर नवा धरत नाही. ताईंना वाटलं, चुटकीसरशी होईल. दुपार कलली, बोटांची सालटी निघाली. दाखवायला नेलं की मिस्त्री म्हणत, अजून आहे. शेवटी त्यांनी सांध्यावरून अंगठा फिरवला आणि सरसाचं भांडं पुढं ओढलं. नवा सरस लावला, दोरीला काठीनं पीळ देऊन पाय आवळले.

बाकीच्यांनाही असं शिकवाल का, ताईंनी विचारलं.

"शिकवणार नाही. चुकलं की परत खोलायला लावीन."

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "म्हणजे उद्यापासून डबा करायचा?"

"दोघांचा कर," मिस्त्री म्हणाले. "बाईंच्या हातात जोर कुठंय?"