जाताना पाय धुवा

इतर ठिकाणी माणसं आत येताना पाय धुतात. अक्कांच्या शेतातून बाहेर पडताना धुवावे लागायचे. फाटकाशी एक नळ होता, नळाखाली पसरट सिमेंटचं टाकं आणि टाक्याच्या काठावर तळवे घासायला नारळाची शेंडी. दिल्लीहून आलेला मोठा अधिकारी असो की मातीचे नमुने न्यायला आलेली विद्यार्थिनी, अक्का सगळ्यांना तिथे थांबवायच्या. "बूट काढा, सर. आधी बूट, मग तळवे. माझी माती मला तुमच्याबरोबर पाठवायची नाही." पाहुणे हसायचे. अक्का हसायच्या नाहीत.

यशवंतपूरच्या पलीकडच्या एका संशोधन संस्थेत अक्का वनस्पतिरोगतज्ज्ञ होत्या. निवृत्त झाल्या होत्या, पण मुदतवाढीवर काम चालू होतं. मी त्यांच्या प्रकल्पात कंत्राटी सहायक. त्यांच्या ताब्यात जेमतेम अर्ध्या एकराचा तुकडा होता. सगळी संस्था त्याला 'आजारी शेत' म्हणायची. तुरीला मर नावाचा रोग होतो. बुरशी मातीतून मुळात शिरते आणि फुलावर आलेलं झाड उभ्या उभ्या वाळून जातं. ती बुरशी अक्कांनी त्या मातीत वर्षानुवर्षं पाळली होती. दर हंगामाच्या शेवटी मेलेली झाडं बारीक तोडून त्या स्वतः मातीत मिसळायच्या. त्याला त्या 'वाढणं' म्हणायच्या. "जेवायला घातलं नाही तर रोग मरेल की गं. मग उपाय कशावर शोधायचा?"

त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे, कानडी मुलखात आलेलं. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मिसळलेलं होतं की सुरुवातीला मला अर्धंच कळायचं. माझे वडील नोकरीसाठी पुण्याहून आलेले, माझी शाळा इंग्रजी, मराठी फक्त घरात. मी मुळातच कमी बोलायची. अक्का म्हणायच्या, "तुझं मराठी इस्त्री करून ठेवलंय बा. स्वल्प चुरगळू दे की." मी नुसती हसायची. त्यांना तेवढं पुरायचं.

शेताचे दोन भाग होते. एकात नुसती तूर, दुसऱ्यात तुरीच्या ओळींमध्ये ज्वारी. डिसेंबरात पहिला भाग काटक्यांसारखा वाळलेला असायचा आणि दुसऱ्यात बरीचशी झाडं शेंगांनी लगडून उभी. पाहुणे हिरव्या बाजूला जाऊन फोटो काढायचे. अक्का त्यांना हाताला धरून वाळलेल्या बाजूला आणायच्या. "इथं उभे राहा. हे नसतं तर ते हिरवं कशामुळं, हे तुम्हाला कोण सांगणार?" ज्वारी काय करते, असं विचारलं की म्हणायच्या, "शेजारधर्म करते. तिच्या मुळांतून काहीतरी झिरपतं, ते या बुरशीला सोसत नाही. शिवाय तुरीचं मूळ तुरीला भिडलं तर रोग आरामात चालत जातो. मध्ये ज्वारी आली की त्याची वाट मोडते."

पण त्यांचं समाधान नव्हतं. रोज डब्यात नाचणीचा, त्यांच्या भाषेत रागीचा, मुद्दा म्हणजे उकडलेल्या पिठाचा गोळा असायचा. तो बोटांनी तोडताना त्या म्हणायच्या, "आम्ही रागी खाणारी माणसं. इकडं ज्वारी लावतो कोण? मी उपाय शोधला तो दुसऱ्यांच्या ताटातला." नाचणीत तुरीची ओळ घालायची पद्धत इथल्या शेतकऱ्यांची जुनीच. ती नाचणी रोग अडवते का, हे त्यांना बघायचं होतं. त्या वर्षी शेताचे नव्याने तुकडे पाडले, बियाणं आणून ठेवलं. त्यांच्या हातात तो शेवटचा हंगाम होता.

उन्हाळ्यात कळलं की ती जागा वाहनतळासाठी गेली. अक्का या साहेबांच्या खोलीतून त्या साहेबांच्या खोलीत फिरल्या. एक हंगाम द्या, म्हणाल्या. मिळाला नाही. मग त्यांनी मागणं बदललं. "शेत घ्या, पण माती आवाराबाहेर जाऊ देऊ नका. इथंच खोल पुरा, वर काँक्रीट घाला." इमारत विभागाचे साहेब म्हणाले, "मॅडम, माती म्हणजे माती. एवढं काय?"

"तुमच्या बागेत गेली तर काही नाही. कुणाच्या तुरीत गेली तर त्याची तूर संपली. पुढची कितीतरी वर्षं."

साहेब "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणाले. अक्कांचा विश्वास बसला नाही. त्यांनी माझ्याकडून लाल कापडाच्या चिंध्या करून घेतल्या आणि आजारी शेताभोवती ओळीने झेंडे लावले. धोका दिसावा म्हणून.

आमच्याकडे लाल झेंडा म्हणजे हात लावू नका. बांधकामवाल्यांना त्याचा अर्थ वेगळा लागला. त्यांच्याकडे चांगली वरची माती वेगळी काढून ठेवायची असेल तर ती अशाच खुणा करून राखतात. आणि ती माती दिसायलाही तशीच होती. इतकी वर्षं निगुतीने मशागत केलेली, मऊ, लालभडक. आजूबाजूचा मुरूम त्यांनी तिथेच दाबला आणि झेंड्यांच्या आतली माती आधी, अगदी जपून, टिपरमध्ये भरली. आम्ही सकाळी पोचलो तेव्हा तिथे खड्डा होता आणि झेंडे नीट गुंडाळून कडेला ठेवले होते.

अक्का खड्ड्याच्या काठावर बसल्या. मला वाटलं, रडतील. त्यांनी वर बघून विचारलं, "गाड्या कुठं गेल्या, विचार." मला अनोळखी माणसांशी बोलायला जमत नाही. शेवटी त्याच उठल्या. पुढचे काही दिवस संस्थेच्या फाटकाशी उभ्या राहून प्रत्येक टिपरवाल्याला विचारत राहिल्या, "अण्णा, ती लाल माती कुठं टाकली?" बहुतेक माती इमारतींच्या हिरवळीसाठी गेली होती. ते ऐकलं की अक्का मान हलवून पुढच्याकडे वळायच्या. एकजण म्हणाला, "व्हाइटफील्डच्या पुढं, एका शेतात. सखल कोपरा भरून पाहिजे होता त्यांना." अक्कांनी माझा दंड धरला.

व्हाइटफील्डपर्यंत मेट्रो, पुढे बस, मग चालत. पत्ता सापडून आम्ही पोचलो तोवर पेरणी होऊन कोंब वर आले होते. नवीन घरांसाठी पाडलेल्या लेआउटच्या भिंतीला लागून शेत होतं. नाचणी आणि तिच्यामध्ये ठरावीक अंतरावर तुरीच्या ओळी. शेताची मालकीण मुनियम्मा, पन्नाशीची, पदर खोचून तण काढत होती. "किती छान माती मिळाली, अम्मा," ती कन्नडमध्ये म्हणाली. "कोपऱ्यात पाणी साचायचं. आता बघा."

अक्का म्हणाल्या, "ही माती आजारी आहे. मीच केली."

मुनियम्माने माझ्याकडे पाहिलं. "यांना बरं नाही का?"

"त्या खरं सांगतायत," मी म्हणाले. माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला.

"मुद्दाम आजारी केली? कुणाशी वैर होतं?"

अक्कांनी सगळं समजावून सांगितलं. रोग का पाळावा लागतो, ज्वारी काय करते, सगळं. मुनियम्माने विळा खाली ठेवून ऐकलं. मग विचारलं, "आणि रागी?"

"ते बघायचं राहिलं."

"म्हणजे आता माझ्या शेतात बघणार." ती हसत नव्हती. "आमच्या घरची वर्षाची डाळ या ओळींतून निघते. काढा तुमची माती."

माती कशी काढणार? तिच्यावरून नांगर फिरला होता, कोपऱ्यातली माती आता सगळीकडे होती. अक्का वाकल्या, चिमूटभर माती बोटांत चोळली आणि परत ठेवली. निघताना त्यांनी विहिरीवरून पाणी मागितलं. बांधावर बसून पाय धुतले, मलाही धुवायला लावले, मुनियम्मालाही सांगितलं, "शेताबाहेर जाताना रोज धू." मुनियम्मा तोंड फिरवून गेली.

त्यानंतर अक्का दर आठवड्याला जाऊ लागल्या. मुनियम्मा आधी बोलायची नाही, मग टोमणे मारायची, मग ताक द्यायला लागली. "ही बघा, लेकरं बघायला आली," असं म्हणायची. तूर गुडघ्याएवढी झाली, कमरेएवढी झाली. अक्का पानं उलटून बघायच्या. बसमध्ये एकदा एकदम म्हणाल्या, "माझा उपाय चुकीचा निघाला असता तरी चाललं असतं गं. ही बाई मध्ये यायला नको होती."

फुलं धरली तेव्हा कोपऱ्यातली पानं पिवळी पडायला लागली. त्याच सुमारास अक्कांच्या छातीत दुखायला लागलं आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. मी एकटी शेतात गेले, वाळलेलं एक खोड घेतलं आणि पिशवीत गुंडाळून त्यांच्याकडे नेलं. खोटं सांगता आलं असतं, पण त्यांनी ओळखलं असतं. त्यांनी नखाने साल सोलली. आत तपकिरी काळी रेघ खालून वरपर्यंत गेली होती.

"कोपऱ्यातलं?"

"हो."

"आणि नाचणी दाट आहे तिथं?"

"काही उभी आहेत. काही गेली."

"शेजारी नुसत्या तुरीचा तुकडा नाही," त्या म्हणाल्या. "कशाशी ताडून बघणार? नाचणीनं वाचवली की आपोआप वाचली, कसं सांगणार?" त्यांनी खोड परत पिशवीत गुंडाळलं. "तिचं एवढं नुकसान झालं, आणि त्यातून काही कळलंसुद्धा नाही."

मी पिशवी परत घ्यायला हात पुढे केला. त्यांनी सोडली नाही. "मुनियम्माला सांग, मेलेली झाडं मुळासकट उपटून जाळ. मातीत जाऊ देऊ नको. आता जेवायला घालायचं नाही." आयुष्यभर त्यांनी याच्या उलट केलं होतं. तो शेवटचा निरोप. दोन दिवसांनी अक्का गेल्या.

मुनियम्माने आणि मी ती झाडं उपटली. बांधापलीकडे जाळली. ती म्हणाली, "तुझी अक्का बरी झाली असती तर मी तिच्याशी कडकडून भांडणार होते." आणि मग पदराने तोंड पुसत बसली.

आता मी इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करते. मातीशी संबंध नाही. आजारी शेताच्या जागी गाड्या उभ्या असतात. यंदाच्या हंगामात एकदा मुनियम्माकडे गेले. नाचणी चांगली होती. तुरीच्या ओळी तिने घातल्याच नव्हत्या. त्यांच्या जागा तशाच रिकाम्या सोडल्या होत्या, लाल पट्टे दिसत होते. ज्वारी लावून बघा, असं मी म्हणाले. "खाणार कोण? चिमण्या?" ती म्हणाली. डाळ आता दुकानातून आणतात.

मी निघाले तशी तिने हाक मारली आणि बादली पुढे सरकवली. "पाय धू. पलीकडे माझ्या दिराचं शेत आहे. त्याची तूर अजून चांगली आहे."

मी चपला काढल्या. बादलीजवळ दगडावर नारळाची शेंडी ठेवलेली होती, वापरून वापरून मऊ झालेली.