हात चालतो, साहेब

मेडिकल बोर्डापुढे मी गेलो तो नोकरी मागायला जावं तसा. दाढी घोटलेली, शर्टाला इस्त्री, केसांना तेल. टेबलामागे तीन डॉक्टर बसले होते. मधल्यानं मोबाईलवरची नजर न काढता विचारलं, "क्या क्या काम होता है इस हाथ से?" आणि मी ताठ उभा राहून म्हणालो, "सब होता है, साहेब."

टेबलामागच्या माणसाला द्यायला माझ्याकडे दुसरं उत्तरच नव्हतं. सातवीत शाळा सोडल्यापासून टेबलामागे जो कोणी भेटला तो काम देणारा नाहीतर काढून घेणारा. आधी लातूरला, मग पुण्यात, मग इथे बडोद्यात गोरव्याच्या कारखान्यात, सगळीकडे एकच प्रश्न आणि त्याला हे एकच उत्तर. त्यात आमच्या पत्रा कापायच्या प्रेस खात्याची रीत अशी, की बोट गेलेला माणूस पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा काही शिकतो तर ते बोट न गेल्याचं दाखवायला. उरलेल्या बोटांत चहाचा कप धरायचा. सुपरवायझर येताना दिसला की उगाच पाना उचलायचा. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली आणि तिसरं वाकत नाही, पण हे सोंग मी इतकं चोख वठवायचो की सुपरवायझर इतरांना माझा दाखला द्यायचा. "देखो, इसको बोलते हैं हिंमत!" माल जास्त निघावा म्हणून प्रेसचा हात वाचवणारा गार्ड काढून ठेवायला लावणारा हाच. अशा माणसाची शाबासकी मिळाली की मी खूश व्हायचो.

कामगाराच्या विम्याचं असं असतं, की कमाईची ताकद जितकी गेली म्हणून बोर्ड म्हणेल, त्या मानानं दर महिन्याला जन्मभर रक्कम मिळते. माझी ताकद बोर्डाच्या मते किरकोळ गेली होती. का नाही जाणार? सब होता है म्हणणारा मीच. महिना झाला नाही तोच कारखान्यानं मला प्रेसवरून झाडूवर आणि झाडूवरून घरी पाठवलं. तिथल्या साहेबांच्या मते हात कामाचा उरला नव्हता. एकाच हाताबद्दल दोन टेबलांची दोन मतं, आणि दोन्ही माझ्या विरुद्ध. आता बोर्डाविरुद्धचं अपील हरलो तर खोली सोडून गावी जायचं, आणि मी पाठवतो त्यावर जगणाऱ्या आईच्या ताटात वाटेकरी होऊन बसायचं. झोपेत दात खायला लागलो होतो मी.

अपिलाचा अर्ज भरून दिला एका रिटायर्ड कारकुनानं. चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, बसून हा गृहस्थ लोकांच्या 'केस बनवायचा'. सुनावणीच्या आधी त्यानं माझी तयारी सुरू केली. "पहेलां तो दाढी वधार," तो म्हणाला, म्हणजे दाढी वाढव. "नहावानुं बंध. पाणीनो ग्लास आपे तो पाडी देवानो. रोना आता है?"

"नाही."

"शीख ले, भाई. रडे एने मळे." रडेल त्यालाच मिळतं म्हणे.

त्याचं दुसरं एक गिऱ्हाईक पाहिलं होतं मी. लारीपर्यंत काठी टेकत लंगडत यायचं, आणि चहा झाला की काठी काखेत मारून स्कूटरला किक. कारकून त्याच्याकडे असा बघायचा, जसा मास्तर पहिल्या नंबरच्या पोराकडे. मला दोघांचीही किळस आली. आणि घरी येऊन मी स्टीलचा ग्लास पाडायचा सराव करू लागलो.

"काय आपटतोयस रे वर?" खालून घरमालकीण काकूंचा आवाज.

काकूंचं घर जुन्या वाडी भागातल्या एका पोळात, म्हणजे अरुंद गल्लीत. त्यांच्या सासऱ्यांचे आजोबा बडोदे संस्थानच्या फौजेत होते, आणि काकू अजून कमरेला पट्टा बांधल्यासारख्या बसतात. बोटं गेल्यापासून सकाळचा चहा, दुपारची पोळी आणि माझ्या शर्टाची बटणं, सगळं त्यांनीच केलं. ते ऋण या जन्मात फिटणार नाही. मी खाली जाऊन ग्लासाचं सांगितलं, तशा हिंचक्यावरून, त्यांच्या झोपाळ्यावरून, उठल्याच.

"भिकारी बनवतोय तुला तो मेला! आणि तू बनतोयस!" मग परत बसत, "तुझी बटणं कोण लावतं रे?"

"तुम्ही."

"बुटाची नाडी?"

"तुम्हीच."

"मग बोर्डात हे का नाही बोललास?"

"काय बोलू, काकू? घरमालकीण बटणं लावते म्हणून?"

"हो तर! शरम त्यांना वाटू दे. तुझा शरमेचा ठेका आहे का?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बटणं लावणं बंद केलं. हिंचक्यावर बसून त्या नुसत्या बघायच्या. मी घामाघूम व्हायचो, दातांनी कॉलर धरायचो, त्यांना मनातल्या मनात शिव्याही घालायचो. मग त्या जज व्हायच्या. "बोल, काय काय काम होतं?"

"सब हो..."

"झालं! गेलं अपील!"

सुनावणीच्या दिवशी कारकून कोर्टाच्या फाटकापाशी उभा होता. हातात मळकी झोळी, मोडका हात अडकवतात तसली, दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यातून काढलेली, घामाचा वास मारणारी. "गळामां नाखी दे."

मी नाही म्हणालो. माझी घोटलेली दाढी बघून तो थुंकला. "जा, हीरो. हारीने आवजे."

आत एक वयस्कर जज आणि दोन डॉक्टर. जजनी विचारलं तेव्हा जे होत नाही ते मी एकेक करून सांगितलं. बटणं सांगितली, नाडी सांगितली, सांडशी धरता येत नाही ते सांगितलं. त्यातला चष्म्यावाला डॉक्टर कागद वाचून हसला. "बोर्ड में तो बोला था सब होता है. झूठ तब बोला या अब?"

हे काकूंनी शिकवलं नव्हतं.

"तब बोला, साहेब."

"क्यों?"

"टेबल के पीछे आप जैसे लोग बैठे थे. मुझे लगा, हाथ नहीं चलता बोलूँगा तो काम नहीं मिलेगा."

डॉक्टर पुन्हा हसायला गेला, पण जज हसले नाहीत, मग त्यालाही तोंड मिटावं लागलं. जजनी दोन्ही डॉक्टरांना उठून माझा हात नीट तपासायला लावलं. खुर्चीतून उठायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

अपील मान्य झालं. मागितलं होतं तेवढं नाही मिळालं, पण खोली राहिली, आईला पाठवणं राहिलं. तो कारकून आता लारीवर नव्या गिऱ्हाइकांना माझी केस आपण कशी जिंकली ते सांगतो, आणि सांगताना झोळी गळ्यात कशी घातली तेही.

पण सगळ्यात जास्त तिटकारा मला त्या दिवशीच्या माझ्याच पाठीचा येतो. सुनावणीच्या खोलीतून निघताना मी त्या चष्म्यावाल्याला कमरेत वाकून थँक्यू म्हणालो, दारापाशी पुन्हा म्हणालो. त्यानं वर बघितलंही नाही. काकूंना मी सगळं सांगितलं, एवढं सोडून.