बदलापूरला समुद्र नाही

माया साळवे रागीट होती, आणि ते तिला स्वतःलाही मान्य होतं. बदलापूरच्या कुळगावातल्या ज्या शाळेत ती प्रयोगशाळा सांभाळायची, तिथं काचेचं भांडं फुटलं की शिक्षकसुद्धा तिला सांगायला एकमेकांना पुढं ढकलायचे. शाळेच्या आवारात जाळीदार पांढरी पेटी होती, आत तापमापक. रोज सकाळी सातला आणि दुपारी अडीचला माया आकडा बघून वहीत लिहायची. हे काम लावून देणारे सर केव्हाच निवृत्त झाले होते. वही कुणी मागत नव्हतं. तरी एकोणीस वर्षं, रविवार धरून, तिनं एक दिवस चुकवला नव्हता.

तिचा नवरा राजेंद्र तिच्या अगदी उलटा. भांडण दिसलं की रस्ता बदलणारा. उल्हासनगरचा कारखाना बंद पडल्यावर तो हेंद्रेपाड्याच्या पुढं एका नव्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. कॉम्प्लेक्सचं नाव 'सागरस्पर्श'. गेटवर भलामोठा बोर्ड होता: निळंशार पाणी, नारळाची झाडं आणि खाली मजकूर, 'ना कडक ऊन, ना थंडी, ना चिकचिक. बारा महिने समुद्रकाठची कोरडी, सौम्य हवा.'

माया पहिल्यांदा डबा द्यायला गेली तेव्हा तो बोर्ड वाचून उभीच राहिली.

"अहो, समुद्र कुठाय इथं? आणि आपल्याकडच्या समुद्रकाठी कोरडी हवा कधी असते?"

"असू दे गं. त्यांची जाहिरात आहे," राजेंद्र म्हणाला.

त्याची केबिन पत्र्याची, काच पश्चिमेकडं. "आत गरम होत असेल ना?" तिनं विचारलं. "बरं असतं," तो म्हणाला. हेच उत्तर तो तीन वर्षं देत राहिला.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी तीनच्या सुमाराला, तिथं घरकाम करणाऱ्या उमाचा फोन आला. "मायाताई, दादा बोलत नाहीयेत. अंग नुसतं भट्टी झालंय, पण घाम नाही." उमानंच त्याच्यावर दोन बादल्या पाणी ओतलं, त्याला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. सहा दिवसांनी राजेंद्र घरी आला. जीव वाचला, पण उजव्या हाताची पकड गेली. बोलताना शब्द मध्येच अडकायला लागला.

कॉम्प्लेक्सचा मॅनेजर विक्रांत सफरचंदं घेऊन भेटायला आला. खुर्चीत बसून म्हणाला, "काका त्या दिवशी उपाशी असणार. कारण हीट तशी काही नव्हती, ताई. मी चेक केलं ना, मोबाईलवर चौतीस दाखवत होतं. आपलं कोस्टल क्लायमेट आहे."

"ते चौतीस कुठलं?" मायानं विचारलं.

"मुंबईचं. सेम झोन."

"त्या दिवशी माझ्या वहीत सावलीतलं त्रेचाळीस लिहिलंय," माया म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून राजेंद्र जास्त घाबरला. "आणि उपाशी म्हणालात. सकाळी चार भाकऱ्या माझ्या हातच्या खाऊन गेला होता हा माणूस. सफरचंदं उचला आधी."

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेतला जादा तापमापक मागून घेतला आणि केबिनमध्ये टांगला. राजेंद्रच्या जागी रघु नावाचा नवा वॉचमन आला होता, पन्नाशी उलटलेला. तो टॉवेल भिजवून डोक्यावर ठेवून बसला होता. शाळेतली नोंद करून ती तीनला पोचली, तेव्हा पारा अठ्ठेचाळीसवर होता. सलग चार दिवस ती जाऊन बघत होती. सत्तेचाळीसच्या खाली तो एकदाही आला नाही.

रविवारी सोसायटीची मीटिंग होती. माया वही घेऊन थेट क्लबहाऊसमध्ये शिरली. चेअरमन जयदेव म्हणाले, "मॅडम, हा विषय अजेंड्यावर नाहीये."

"मग लिहून घ्या अजेंड्यावर," म्हणत तिनं वही उघडली. जानेवारीत सकाळी अकरा अंश. फेब्रुवारी संपता संपता दुपारचे सदतीस. एप्रिल आणि मे चाळीसच्या वर. जूनपासून चार महिने भिंतींना बुरशी. ऑक्टोबरला पुन्हा छत्तीस. "ह्यात तुमची बारा महिन्यांची सौम्य हवा कुठल्या पानावर आहे, दाखवा. आणि त्या पत्र्यात माणूस अठ्ठेचाळीस डिग्रीत बसतो, ते बघायला तुमच्यातलं कोण आलं?"

एकदम गलका उसळला. "आम्हालाही हेच सांगून फ्लॅट विकले!" "चीटिंग है ये!" भराभर मोबाईल निघाले, वहीच्या पानांचे फोटो निघाले. कुणीतरी तिला पाणी आणून दिलं. मायाला वाटलं, चला, आपलं म्हणणं पोचलं.

पोचलं होतं, पण भलतीकडेच. त्या फोटोंच्या जोरावर रहिवासी बिल्डरशी भांडले आणि महिन्याभरात सगळ्या पश्चिमेकडच्या बाल्कन्यांना मोठ्या छपऱ्या बसल्या. केबिन होती तशीच. छपऱ्या बसवणारी माणसं काम संपलं की शिड्या तिच्याच पत्र्याला टेकवून ठेवत होती.

उमानं हे सांगितलं तेव्हा माया भात गाळत होती. भात तसाच ठेवून, वही घेऊन भर दुपारी ती निघाली. केबिनमध्ये रघु भिंतीला डोकं टेकून बसला होता.

"उठा रघुभाऊ. रजिस्टर घ्या. खुर्ची मी घेते."

"वहिनी, नोकरी जाईल माझी."

"जीव जाण्यापेक्षा ती गेलेली बरी. चला."

तिनं खुर्ची उचलून ए विंगच्या थंडगार एसी लॉबीत, काचेच्या दारापाशी ठेवली. तिथून गेट सरळ दिसत होतं. विक्रांत धावत आला. पाठोपाठ जयदेव.

"ताई, ये नहीं चलेगा. लॉबी रेसिडेंट्ससाठी आहे," विक्रांत म्हणाला.

"ठीक आहे. नेते खुर्ची परत," माया म्हणाली आणि वहीचं कोरं पान फाडून तिनं लॉबीतल्या टेबलावर आपटलं. "फक्त लिहून द्या. 'वॉचमननं दुपारी बारा ते चार अठ्ठेचाळीस डिग्रीच्या केबिनमध्येच बसावं.' खाली सही, नाव, तारीख. द्या."

विक्रांतनं जयदेवकडं बघितलं. जयदेवनी मोबाईल काढला, उगाच परत खिशात घातला.

"पेन नाहीये का? हे घ्या माझं."

"अहो, एवढं कशाला ताणताय," जयदेव पुटपुटले. "बसू दे ऊन उतरेपर्यंत."

"रोज," माया म्हणाली.

"रोज. बरं."

रघु खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसला होता. मायानं त्याला नीट टेकून बसायला लावलं आणि मगच ती निघाली. कुणाचेही आभार तिनं मानले नाहीत. बोर्डासमोरून जाताना मात्र तिनं एक सणसणीत शिवी घातली, चांगली मोठ्यानं.

संध्याकाळी राजेंद्र खाटेवर बसून रबरी चेंडू दाबायचा सराव करत होता. तिनं सगळं सांगितलं. तो अडखळत म्हणाला, "आत... लॉबीत बसायचं. मला कधी सुचलंच नाही बघ."

मायाला विक्रांतचा आला नव्हता एवढा राग आला. तीन वर्षं 'बरं असतं' म्हणणाऱ्या या माणसाचा, आणि दारापासून वीस पावलांवर गारवा असताना त्यात आपल्याला जागा आहे हे त्याला सुचूही न देणाऱ्या सगळ्यांचा. चेंडू त्याच्या हातातून सुटून खाटेखाली गेला. ती वाकली, चेंडू काढला आणि पुन्हा त्याच्या मुठीत कोंबला.

"दाबा," ती म्हणाली. "जोरात दाबा."