धोंड्याच्या महिन्यातला बेंचमार्क

सासरी मी आजवर एकही डाव हरलो नव्हतो. लग्नाला दोन वर्षं होत आली होती. कारंज्याला गेलं की कॅरम व्हायचा, पत्ते व्हायचे, एकदा तर गच्चीवर पतंगही झाले, आणि दर वेळी जिंकायचो मीच. सुरुवातीला वाटलं, आपल्या अंगात काहीतरी कला आहे आणि आसेगावच्या मित्रांना ती कधी दिसली नाही. आसेगावात मी कॅरमला बसलो की माझा जोडीदार व्हायला कोणी तयार नसतं. मग एकदा राणी अगदी भोकाच्या तोंडाशी असताना माझ्या साळ्यानं स्ट्रायकर सरळ बोर्डाबाहेर मारला, आणि मला शंका आली. मी शाळेत गणित शिकवतो. 'संभाव्यता' हा धडा दरवर्षी माझ्याच वाट्याला येतो.

बायकोला विचारलं. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आईनं घरात सांगून ठेवलं हाये. जवाई हारला नाई पाह्यजे."

त्याला कारण होतं माझा साडू, म्हणजे जऊळक्याचा थोरला जावई. मागचा धोंड्याचा महिना आला तेव्हा तो जेवायला आला होता. पानं मांडेपर्यंत वेळ जावा म्हणून कॅरम काढला. साळा तेव्हा कॉलेजात होता, अक्कल कमी आणि हात चांगला. त्यानं साडूला एकही सोंगटी घालू दिली नाही आणि वर टाळी मागितली. साडू उठला, चपला घातल्या आणि वाढलेलं ताट सोडून निघून गेला. तेव्हापासून थोरली लेक माहेरी आलेली नाही. आईशी फोनवर बोलते, तेही नवरा शेतात गेला की. आमच्या लग्नाला दोघं आले, अक्षता टाकल्या आणि न जेवता मोटरसायकलवर बसून परत गेले. एक लेक कॅरमपायी गेली, दुसरी जाऊ द्यायची नाही, एवढाच माझ्या सासूबाईंचा हिशोब होता. म्हणून त्या घरात जावयाला हरायची सोयच उरली नव्हती.

कोणाला वाटेल, मजा आहे. मजा नव्हती. जिंकून जिंकून माणूस कंटाळतो, आणि माझा स्वभाव तर आधीच तिरसट.

या वर्षी धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. लग्नानंतरचा माझा पहिला धोंडा, त्यामुळे सासूबाईंचा फोन आधीच आला, जवायाले काय पाह्यजे? मी म्हणालो, काही नको, मी माझा कॉम्प्युटर घेऊन येतो.

त्याचं असं झालं होतं. साळ्यानं नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला तो पंखे लावलेला जाडजूड तुकडा, ज्याच्या जोरावर गेममधलं गवत हलतं आणि तलवार चमकते. माझ्याकडेही एक होतं, वर्षभरापूर्वीचं. आता कोणाचं कार्ड भारी, यावर आमचा दोन महिने फोनवर वाद चालला होता. म्हणजे वाद मी घालत होतो. तो म्हणायचा, "तुमचंच भारी, भाऊजी." असं कोणी म्हटलं की माझं टाळकं सरकतं.

त्यावर उपाय होता बेंचमार्क. हा एक ठरावीक प्रोग्राम असतो, तो कॉम्प्युटरवर सोडून द्यायचा. पडद्यावर काचेचे गोळे फिरतात, आगीच्या नद्या वाहतात, एक राक्षस उगाचच डोंगर फोडत जातो. यात खेळायचं काही नसतं. आपण हाताची घडी घालून बसायचं, कार्ड ते सगळं रंगवतं आणि शेवटी त्याला गुण मिळतात. मला हे फार आवडायचं. कॅरममध्ये साळा मुद्दाम हरेल, पण यंत्र काही जावई ओळखत नाही. एकदा, फक्त एकदा, या घरात माझा खरा निकाल लागावा, एवढंच मला हवं होतं.

बायकोनं कॉम्प्युटरचं कॅबिनेट जुन्या सतरंजीत गुंडाळून दिलं. एसटीत ते मांडीवर घेऊन बसलो. मंगरूळपीरला गाडी बदलली तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या बुवांनी विचारलं, "शिलाई मशीन हाये का?"

"नाई जी. गेम खेळाची मशीन हाये."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. "कमावते का काई?"

"मास्तर हायेत," बायको म्हणाली.

"मंग बराबर हाये. सुट्ट्या लागल्या," म्हणून ते पुन्हा डुलक्या घेऊ लागले.

कारंज्याला पोचलो तर दारातच औक्षण. मला ओवाळलं, मग सतरंजी सोडवून कॅबिनेटलाही ओवाळलं आणि त्याच्या काचेवर कुंकू लावलं. माझ्यासाठी साळ्यानं मित्राचा पडदा मागून आणला होता. बैठकीत दोन्ही कॉम्प्युटर मांडले. सासरे बाजार समितीत गेले होते. घरात काही अवघड व्हायचं असलं की ते नेमके बाजार समितीत असतात.

पहिली चाचणी झाली. माझे गुण चौदा हजारांच्या घरात आले, साळ्याचे नऊ हजारांच्या. सासूबाईंनी स्वयंपाकघरातूनच विचारलं, "जवाई निंगाले का पुढं?" साळा म्हणाला, "लय पुढं!" मी छाती काढून बसलो. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. अनारशांची ताटली समोर आली. पहिला अनारसा आनंदात खाल्ला. दुसरा खाताना गणित आठवलं.

त्याचं कार्ड माझ्यापेक्षा नवं. मोबाइलवर त्याच्या चाचण्या मी इतक्या पाहिल्या होत्या की स्वप्नातही तक्ते दिसायचे. ते माझ्या पुढे असायला हवं होतं, आणि चांगलंच पुढे. मी ताटली खाली ठेवली आणि इकडे तिकडे पाहिलं. कूलर सरळ माझ्या कॉम्प्युटरवर रोखलेला. साळ्याचा कॉम्प्युटर स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवलेला, भिंतीपलीकडे अनारशांची कढई, आणि त्याच्या कॅबिनेटवर वरून खालपर्यंत लोकरीचं विणलेलं आवरण. मे महिन्यात, कारंज्यात, लोकरीचं! आवरण काढून हात लावला तर चटका बसला.

"हे काहून घातलं?"

"धूळ बसते, भाऊजी."

मी त्याच्या कार्डाची सेटिंग उघडली. किती वीज ओढायची ते ठरवायची तिथे एक पट्टी असते. ती ओढून पार खाली आणून ठेवलेली होती.

"अन् हे?"

साळा छताच्या पंख्याकडे पाहू लागला. "होते कधीकधी आपोआप."

मग मात्र मी भडकलो. जावई म्हणून मोठ्यानं बोलायचा हक्क असतो, तो दोन वर्षं न वापरता साठला होता, तो सगळा एकदम वापरला. मी म्हणालो, मी काय कुक्कुलं बाळ आहे? मला दोन वर्षं लिंबूटिंबू समजून खेळवता? कॅरम गेला, पत्ते गेले, आता यंत्रालाही फितवलं! बायको दाराशी येऊन पदरात हसत होती. तिला हसताना पाहून मी आणखी भडकलो.

सासूबाई झारा हातात घेऊन बाहेर आल्या. त्यांनी दोन्ही पडदे नीट पाहिले.

"यात कोनी खेळूनच नाई राह्यलं. मंग हारन कोन?"

"कार्ड हारन, आई," मी म्हणालो.

"कार्ड कोनाचं?"

"माहं."

"मंग तेच ना!" त्या म्हणाल्या.

मी एवढंच म्हणालो, "आता खरी चाचणी करू. मी हारलो तरी रुसनार नाई, आई. शब्द देतो."

त्या झाऱ्याकडे पाहत राहिल्या. "त्यायनंबी असंच म्हनलं होतं," त्या हळूच म्हणाल्या आणि आत गेल्या. बायकोचं हसू तिथेच थांबलं. मला वाटलं, राहू द्यावं. पण आता थांबलो असतो तर जन्मभर त्या घरात जिंकतच राहावं लागलं असतं.

नियम मी घातले. टेबल एकच, प्लग एकच, कूलर मधोमध, लोकर बंद. प्रत्येकाच्या तीन फेऱ्या आणि मग सरासरी. साळा पट्टी पुन्हा वर नेताना माझ्याकडे असा पाहत होता, जणू मी त्याला स्वतःच्याच घराचं कुलूप फोडायला लावतोय. दुसऱ्या फेरीत राक्षसानं डोंगर अर्धा फोडला आणि लाइन गेली. कूलर थांबला, सगळं घर गप्प झालं. आतून आवाज आला, "देवालेच मंजूर नाई, जवाई. राहू द्या." आम्ही दोघं घाम पुसत अंधाऱ्या पडद्यांपुढे बसून राहिलो. लाइन आली तेव्हा फेरी पुन्हा पहिल्यापासून घेतली.

निकाल लागला. मी चौदा हजारांतच होतो, आहे तिथे. साळा बावीस हजारांच्या वर.

मला माहीत होतं असं होणार. दोन महिने तक्ते पाहिले होते, स्वतःच हट्ट धरला होता, शब्द दिला होता. तरी कानशिलं तापली. राग आला, खराखुरा, मूर्खासारखा राग. डोक्यात पहिला विचार आला तो संध्याकाळच्या एसटीचा. सतरंजी कुठे ठेवली आहे तेसुद्धा डोळ्यांनी शोधून झालं. माझ्या साडूला मी आजवर मनातल्या मनात खूप नावं ठेवली होती, ती त्या क्षणी एकूण एक मागे घेतली.

त्यातच साळ्याच्या तोंडून निघून गेलं, "बावीस! अबे बापरे, भाऊजी, तुमचं कार्ड त पार—" आणि तो जिथल्या तिथे गोठला. तोंड उघडंच राहिलं. सासूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्या पडद्याकडे पाहत नव्हत्या, माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मला तेव्हा कळलं की त्या घरात सगळे मला घाबरतात. मला, ज्याच्या वर्गात पोरं मागच्या बाकावर शेंगा खातात! मला फार वाईट वाटलं. हरल्याच्या वाईटाहून हे वाईट मोठं निघालं.

"आई, भूक लागली," मी म्हणालो. "वाढता का?"

त्या हलल्याच नाहीत. म्हणून मीच जाऊन पाटावर बसलो. साळ्याला हाक मारली आणि हात पुढे केला, "दे टाळी." तापल्या तव्याला बोट लावावं तशी त्यानं टाळी दिली. मग बायको हसली, मग तो हसला, आणि सासूबाई घाईघाईनं पुरण वाढायला लागल्या ते मी नको म्हणेपर्यंत आणि त्यानंतरही.

जेवलो, पण हार काही पचत नव्हती. कोणाला तरी सांगावीशी वाटत होती, आणि ती समजू शकेल असा या जगात एकच माणूस होता. मी तिथेच पाटावर बसून त्याला फोन लावला.

"साडूभाऊ, कारंज्याहून बोलतो. हारलो."

पलीकडून आवाज आला, "कायच्यात?"

मी सांगितलं. त्याला ग्राफिक्स कार्ड कळेना, गुण कळेनात. तो वैतागून म्हणाला, "कॅरमच्या हिशोबानं सांग ना गड्या."

"एकबी सोंगटी नाई गेली."

तो हसला. आधी नाकातून, मग चांगला मोठ्यानं. मी आजवर त्याला हसताना ऐकलं नव्हतं. घरातले सगळे आता फोनकडे पाहत होते. कोणाशी बोलतोय ते त्यांना कळलं होतं.

"मंग रुसला का?" त्यानं विचारलं.

"लय रुसलो. पन जेवाले बसलो."

"कोनी बस म्हनलं?"

"नाई. मीच बसलो. सारे भेले होते."

मागे कुठेतरी गाडी जाताना ऐकू आली. मग तो म्हणाला, आणि आवाज एकदम बारीक झाला होता, "मीबी फाटकापाशी थांबलो होतो ना गड्या. बराच वेळ. चपलेचा पट्टा लावून राह्यलो होतो. म्हनलं, कोनी त बलावन. कोनी आलंच नाई."

मी फोन कानावरून काढला आणि सासूबाईंपुढे धरला. त्यांनी खूण करून विचारलं, कोण? मी म्हणालो, "जऊळक्याचे जवाई. फाटकापाशी उभे हायेत."

त्यांना ते बरोबर कळलं. पुरणाचा हात लुगड्याला पुसला, डोक्यावरून पदर घेतला, फोन दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाल्या, "जवाई, तुमी उपाशीच गेले होते. या ना, जेवाले बसा."