साहेबांच्या केबिनमागची तार

पुण्यातली नोकरी सोडून मी जालन्याला आले ती वडिलांच्या आजारपणामुळे. इथे औद्योगिक वसाहतीतल्या एका बियाणे कंपनीत काम मिळालं. माझं काम लोकांना समजावून सांगताना मी नेहमी अडखळते. सर्व्हर एका इमारतीत असतात आणि माहिती साठवणारं डिस्कांचं कपाट, म्हणजे स्टोरेज, दुसऱ्या इमारतीत. त्यांच्यामध्ये माहितीला वाट दाखवणारे स्विच असतात आणि केसाएवढी बारीक काचेची तार असते. त्या तारेतून उजेड धावतो. तो नीट पोचला तर कुणालाच माझी आठवण होत नाही. पोचला नाही तर सगळ्या मजल्यांवरून माझ्या नावाने हाका सुरू होतात.

ही तार ओढली होती एका केदारखेड्याच्या माणसाने. मी त्यांना भाऊ म्हणायचे. कंपनी उभी राहिली तेव्हापासूनचं सगळं वायरिंग त्यांच्या हातचं. मी रुजू झाले तेव्हा सर्व्हर रूममधल्या प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना त्यांनी चिठ्ठी लावलेली होती. पुण्यातसुद्धा मी इतकं स्वच्छ काम पाहिलं नव्हतं. जेवायला आम्ही एकत्र बसायचो. त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी ते न विचारता माझ्या झाकणात वाढायचे.

त्या उन्हाळ्यात कनेक्शन तुटायला लागलं. दिवसातून एकदोनदा सर्व्हरला डिस्क दिसेनाशा व्हायच्या. प्रयोगशाळेतल्या मुली बियांच्या उगवणीचे आकडे भरत असायच्या, स्क्रीन गोठायची आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. डिस्पॅचला ट्रक उभे राहायचे. अशा वेळी एक वाट बंद पडली तर दुसरीने काम चालावं म्हणून दोन वाटा ठेवतात. आमच्याकडेही दोन होत्या, पण कंपनीने जागा वाचवायला दोन्ही तारा भिंतीवरच्या एकाच पोकळ पट्टीतून न्यायला लावल्या होत्या. भाऊंनी तेव्हाच विरोध केला होता. त्यांना गप्प बसवलं होतं.

त्याच आठवड्यात वडिलांचं ऑपरेशन ठरलं आणि मी रजा टाकून संभाजीनगरला गेले. परत आले तेव्हा भाऊंची खुर्ची रिकामी होती.

मी आमच्या मॅनेजरांना विचारलं. ते म्हणाले, "मोठ्या साहेबांनीच काढलं. जॉइंट कच्चे ठेवले होते त्याने. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर कबूल कर म्हटलं तर उलट बोलायला लागला."

"सर, कोणी तपासलं जॉइंट?"

"तपासायचं काय त्यात? वायरिंग त्याचं, तुटतंय वायरिंग."

मी भाऊंना फोन लावला, तो बंद होता. आणि कनेक्शन तुटतच राहिलं. त्यावर मॅनेजरांकडे उत्तर तयार होतं, जाता जाता काहीतरी करून गेला असेल. ज्या माणसाने तारेच्या टोकावर धूळ बसू नये म्हणून टोपणं जपून ठेवली होती, त्याच्याबद्दल ते असं बोलत होते आणि आजूबाजूचे माना हलवत होते.

मग मी स्वतःच मागे लागले. स्विचवर प्रत्येक पोर्टच्या चुकांची मोजणी असते. ती शून्यावर आणली आणि वाट पाहिली. चुका फक्त दुसऱ्या इमारतीकडे जाणाऱ्या दोन पोर्टवर वाढत होत्या. उजेड पाठवणारे छोटे मॉड्यूल बदलून पाहिले, फरक नाही. तारा दुसऱ्या पोर्टमध्ये लावल्या, तर चुकाही तिकडे गेल्या. टोकं पुसली, रॅकमधल्या छोट्या तारा नव्या घातल्या. शेवटी स्विच आणि स्टोरेज दोन्ही संशयातून सुटले, राहिली ती मधली लांब तार.

पोचणाऱ्या उजेडाचं मापही स्विच दाखवतो. दुपारी ते एकदम खाली यायचं, संध्याकाळी आपोआप वर जायचं. रविवारी तर सगळं ठणठणीत. जॉइंट कच्चा असता तर त्याला रविवार कुठून कळला असता? साहेब तीन दिवस हैदराबादला गेले आणि त्या दिवसांत एकही चूक पडली नाही. तेव्हा मी तार जिथून जाते ती वाट पायी चालले. ती साहेबांच्या केबिनच्या भिंतीवरून जात होती.

केबिनचं काम त्याच उन्हाळ्यात नव्याने झालं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. सुतारांनी भिंतभर लाकडी कपाट बसवलं होतं. त्यात मोठा पडदा होता, त्यावर प्लांटमधले सगळे कॅमेरे दिसायचे. कपाट बसवताना आडवी आलेली पट्टी त्यांनी फोडली आणि आतल्या तारा दाराच्या बिजागरीमागे कोंबल्या. साहेब दुपारी केबिनमध्ये बसले की कामगारांवर नजर ठेवायला कपाटाचं दार पूर्ण उघडायचे. दार उघडलं की तारा चिमटीत सापडायच्या. काचेची तार अशाने लगेच मोडत नाही, वाकते, आणि वाकली की उजेड वाटेतच सांडतो.

साहेब जेवायला गेले असताना मी मॅनेजरांना तिथे घेऊन गेले. लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला आणि दार उघडलं. उजेडाचं माप पडलं. दार लावलं, माप वर आलं. ते पुन्हा एकदा करून दाखवलं. मॅनेजरांनी लॅपटॉप मिटला.

"हे साहेबांना सांगायची गरज नाही," ते म्हणाले. "तार बाहेरून नवीन टाकून घेऊ."

"आणि भाऊ?"

"त्यांचं आता काय?"

"त्यांना परत बोलवायला पाहिजे, सर. निदान फोन तरी."

"मॅडम, तुम्हाला इथे नोकरी करायचीय ना? साहेबांच्या कपाटामुळे झालं असं मीटिंगमध्ये कोण बोलणार, तुम्ही बोलणार?"

मी बोलले. मीटिंगमध्ये सरळ सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, चिडले नाहीत. नुसतं म्हणाले, "म्हणजे तार चुकीच्या जागेवरून नेली होती." मॅनेजर लगेच "हो साहेब" म्हणाले. बाकीचे चहा पीत होते. दोन वाक्यांत दोष पुन्हा भाऊंच्या पदरात गेला आणि विषय डिस्पॅचकडे वळला. माझं बोलणं मला तेव्हा इतकं फुकट गेल्यासारखं वाटलं, की पुढचं काहीच कानात शिरलं नाही.

तरी एक वेडी समजूत होती. भाऊंना तरी खरं कळावं. त्यांच्या मनाला बरं वाटेल. म्हणून सुट्टीच्या दिवशी भोकरदनच्या गाडीत बसले आणि केदारखेड्याला उतरून त्यांचं घर विचारत गेले.

ते अंगणात होते. एका एजन्सीसाठी सोलर पंप बसवायचं काम करत होते, त्याचे लोखंडी अँगल घासत बसले होते. मला पाहून उठले, पण हसले नाहीत.

"ताई, तुम्ही कशा काय आल्ता इकडं?"

त्यांचे वडील ओट्यावर बाजेवर बसले होते. वहिनींनी पाणी आणून दिलं, चहा टाकला. मला धीर धरवला नाही. मी तिथेच, सगळ्यांसमोर सांगून टाकलं की दोष सापडला, साहेबांच्या कपाटात तार चेंगरत होती, तुमचे जॉइंट बराबर होते, तुम्हाला उगाच काढलं.

बाजेवरचा म्हातारा वळला. "काढलं?" त्याने मुलाला विचारलं. "तू तं म्हनला, पगार परवडत न्हाई म्हून सोडली."

भाऊ पुन्हा अँगल घासायला लागले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात चहाची गाळणी. त्यांनाही तेच सांगितलं गेलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"कशापायी काढलं?" म्हाताऱ्याने आता मला विचारलं. "चोरी-बिरीचा आळ व्हता का?"

"नाही बाबा, तसं काही नव्हतं," मी म्हणाले. पण उशीर झाला होता. मी जितकं समजावत गेले तितका तो आळ त्या अंगणात मोठा होत गेला. त्याआधी तिथे कुणाला ठाऊकही नव्हतं की त्यांच्या घरच्या माणसाचा कुठे अपमान झालाय. चहा आला. तो कसाबसा प्यायले.

भाऊ मला फाट्यापर्यंत सोडायला आले. गाडी येईपर्यंत उभे राहिले.

"परत बोलवून राह्यले का ते मला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग तुम्ही हे सांगायला आल्ता?"

त्यांनीच पुढे म्हटलं, "मला माहीत होतं जॉइंट बराबर आहेत. मीच केल्ते ना ते. तुमच्याकडून कळायचं काय होतं त्यात."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

नवीन तार बाहेरच्या भिंतीवरून टाकली, या वेळी दोन वाटा वेगवेगळ्या. तेव्हापासून उजेडाचं माप हलत नाही. कंपनीत या गोष्टीला अजून जुन्या वायरिंगचा प्रॉब्लेम म्हणतात. नवीन आलेल्यांनाही तसंच सांगतात, कधीकधी माझ्यासमोर. सुरुवातीला मी दुरुस्त करायचे. आता करत नाही. वडिलांची औषधं चालू आहेत, आणि जालन्यात माझ्या कामाच्या दुसऱ्या जागा फारशा नाहीत.

भाऊंना नंतर एकदा फोन केला. वहिनींनी उचलला. "ते रानात गेल्यात," त्या म्हणाल्या. मागून भाऊंचाच आवाज येत होता, कुणाला तरी पाना आण म्हणत होते. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.